मधल्या खांबावरची हद्द

सिमेनच्या डोंगरात नदीच्या खोऱ्याची हद्द मोजत मी डोंगरधारेवरच्या अस्कालेआजीच्या गोल घरापाशी पोचलो. आमच्याकडे तिसरा पेला घेतल्याशिवाय कॉफीवरून उठता येत नाही. पहिले दोन पेले आजीने चुलीवर गळणाऱ्या छपराची आणि ते न शाकारणाऱ्या नवऱ्याची गाऱ्हाणी सांगण्यात घालवले. तिसरा ओतताना तिने विचारलं, "तुझी हद्द कुठून जाते रे?"

"तुमच्या मधल्या खांबावरून. चुलीकडचं पाणी आपल्या नदीला जातं, पलीकडचं दुसरीला."

पलीकडे खाटेवर लाकेवआजोबा घोरत होते.

"म्हणजे हे परक्या खोऱ्यातले," आजी खुलली. "अहो, उठा. कॉफी आमच्या खोऱ्यापुरतीच आहे."

घोरणं थांबलं. डोळे न उघडता आजोबा म्हणाले, "बरं झालं. गळकं छप्परही तुमच्याच खोऱ्यात गेलं."