ओट्याखालच्या दारावरची पेन्सिल

आमच्या ओट्याखाली गॅसचा सिलिंडर ठेवायचं कपाट आहे. त्याच्या दाराला आतून रंग नाही, कोरं सागवान आहे. नवीन सिलिंडर लावला की गोपिका तिथं पेन्सिलीनं तारीख लिहायची. पुष्कळ घरांत बायका लिहितात, कोणी कॅलेंडरवर, कोणी भिंतीवर. पण माझी बायको नुसत्या तारखेवर थांबत नसे. 'बावीस दिवसच चालला. पापड केले.' 'काजलचं लग्न, महिन्यात दोन लागले.' 'हे घरी नव्हते, मीच लावला.' असं चौदा वर्षांचं लिखाण त्या दारावर आहे. शेवटची ओळ यंदाची. 'अकरा मार्च. हे म्हणतात पस्तीस दिवस चालेल. पाहू.'

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

दिवाळीच्या आधी बायजाबाईनं स्वयंपाकघर घासायला काढलं. ती आमच्याकडे नऊ वर्षांपासून कामाला आहे. मी पाणी प्यायला आत गेलो तर ती साबणाच्या फडक्यानं ते दार वरून पुसत होती. मी ओरडलो. तोवर वरच्या पाच ओळी गेल्या होत्या.

"काका, मले वाटलं लेकराईनं रेघोट्या मारल्या."

"आपल्या घरी लेकरं कुठं आहेत, बायजाबाई?"

मग तिनं नीट पाहिलं. अक्षर कोणाचं ते तिला वाचता येत नसलं तरी कळलं. फडकं खाली ठेवून ती तिथंच बसली आणि रडायला लागली. मीच तिला चहा करून दिला.

काजलला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, फोटो काढून ठेवा ना."

"फोटो फोनमध्ये राहते. मले दारावर पाहिजे."

"मग वरून वार्निश मारा."

एका कोपऱ्यात माझ्याच पेन्सिलीची रेघ ओढून वार्निश मारून पाहिलं. ब्रशबरोबर रेघ फराट्यासारखी ओढली गेली. ते बाद.

तेव्हा मला लेझर आठवला.

गांधीबागेत मी छत्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. दुकान बंद केल्यावर घरी जुन्या डीव्हीडी रायटरचा लाल डायोड काढून एका विजेरीच्या नळीत बसवला होता. समोर पितळेच्या कड्यात एक लहान लेन्स. हातात धरून लाकडावर जाळून लिहायचं. केला होता गोपिकासाठीच. उन्हाळ्यात कुरड्या-पापडांना तिचं पोळपाट गल्लीत फिरायचं आणि परत यायचं ते दुसऱ्याचंच. तिला पोळपाटावर नाव पाहिजे होतं. मी नाव लिहिलं, पण लेझरचा ठिपका बारीक होईना. 'गोपिका' अशी उमटली की त्यात 'का' कुठला आणि 'पि' कुठली ते कळेना.

"राहू द्या," ती म्हणाली होती. "या डागावरून तर कोणीही ओळखन माझं पोळपाट."

मी डायोडला शिव्या दिल्या आणि लेझर ड्रॉवरमध्ये टाकला.

आता तोच नीट करायचा होता. पेन्सिलीची रेघ काळी असते, ती उष्णता आधी धरते. ठिपका सुईच्या टोकाएवढा असेल तर तिच्याच रेघेवरून जाता येईल आणि अक्षर लाकडात कायमचं बसेल. ठिपका जाड असेल तर तिचं अक्षर जाईल आणि माझा डाग राहील. दुसऱ्यांदा करून पाहायची सोय नव्हती.

दोन दिवस दुपारी पडदे ओढून, हिरव्या काचेचा चष्मा लावून मी त्याच पोळपाटाच्या मागच्या बाजूवर प्रयोग केले. लेन्सचं कडं आट्यांवर फिरवून आत घेतलं, बाहेर काढलं. ठिपका लहान व्हायचा, पण त्याच्या भोवतीचं लाल धुकं जाईना. लाकूड जळायच्या ऐवजी नुसतं तापायचं. वाटलं, आटे सैल आहेत, लेन्स तिरपी बसते. आत बॉलपेनची स्प्रिंग टाकली. कडं घट्ट झालं, धुकं तसंच. अंतर तीन इंचांवरून एक इंचावर आणलं. करंट वाढवला, तर डाग वाढला. रोज मऊ कापडानं लेन्स पुसत होतो. तिसऱ्या दिवशी कडं रुमालात बांधून विश्वनाथकडे गेलो.

विश्वनाथ माझा जुना मित्र. सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाताना त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गोपिकाचे सगळे चष्मे त्याच्याकडचेच.

"काय गा महादेव, या वयात शाळेचा प्रयोग घेऊन राहिला का?"

"पाहून तर घे. ठिपका बसून नाही राहिला."

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. कडं उजेडात इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

"कितीदा पुसली?"

"रोज पुसतो."

"बाहेरून पुसून राहिला तू. पांढरं आतून आहे. चिकट गोंद लावला ना, तो एका थेंबाचा, बोटं चिकटतात तो? सुकताना वाफ सोडते तो. ती काचेवर बसते. लोक घरी चष्म्याची काडी चिकटवतात अन् मग माह्याकडे येतात, मोतीबिंदू झाला म्हणून."

"मी नाही लावला. मले त्या गोंदाचा राग आहे, तुले माहीत आहे."

"अन् हा काय मंग?" त्यानं टोचणीनं दाखवलं. लेन्सच्या कडेला गोंदाचा वाळलेला थेंब होता. "तू नाही लावला, तर कोणं लावला?"

त्याच्याच दुकानातल्या दोन चष्म्यांच्या काड्या गोपिकानं घरी चिकटवल्या होत्या. तिनं काय चिकटवलं नव्हतं? कपाचा कान, रिमोटचं झाकण, माझी चप्पल. मी ओरडायचो, ती हसायची.

मग मला ती दुपार आठवली. मी जेवताना म्हणालो होतो की कड्यात लेन्स हलते, उद्या पाहतो. ती म्हणाली, "तुम्ही निजा जरा." मी झोपलो. उठलो तर लेन्स हलत नव्हती. मला वाटलं, आपोआप बसली. मग पोळपाटावर नाव बिघडलं आणि मी डायोडला शिव्या दिल्या, तेव्हा ती भाकरी थापत होती. एरवी माझं काही बिघडलं की दहा टोमणे मारणारी बाई. त्या दिवशी तिनं तो एकच विनोद केला आणि गप्प राहिली.

"होती तर लबाड," मी म्हणालो.

विश्वनाथनं नाक शिंकरलं. "काच आहे ही, प्लास्टिक असती तर गेली असती," म्हणत त्यानं दुकानातल्या ॲसिटोनमध्ये काडीचा कापूस बुडवला आणि लेन्स सोडवली. दोन्ही बाजू साफ केल्या. कड्यात परत बसवताना बारीक रबर टाकलं. मी पैसे विचारले तर म्हणाला, "चहा पाज आणि जाय."

घरी पोळपाटावर लावून पाहिला. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा पडला आणि लगेच धुराची रेघ निघाली. भोवती काही नाही.

माझा हात थोडा कापतो. अंतर सारखं राहावं म्हणून गोपिकाचा केसांचा आकडा वाकवून नळीच्या तोंडाला पायासारखा बांधला. आकड्याचं टोक लाकडाला टेकलं की अंतर बरोबर. मग पाट घेऊन दारासमोर बसलो. सिलिंडर काढून बाहेर ठेवला, खिडकी उघडी, बायजाबाईला बाहेर थांबायला सांगितलं.

पहिलं अक्षर मी खराब केलं. 'जून'चा 'जू'. थांबलो तिथं, जाड झाला. त्यानंतर थांबलो नाही. हात तिच्या रेघेवरून न्यायचा, एवढंच होतं. ती उकार खाली लांब ओढायची हे मला लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत माहीत नव्हतं. उमरेडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. अनुस्वार द्यायला कुठेही विसरली नव्हती. रोज दुपारी आठ-दहा ओळी होत. 'मीच लावला' ही ओळ करताना चष्म्याच्या आतून वाफ धरली, तेव्हा थोडा वेळ थांबावं लागलं.

सोळाव्या दिवशी शेवटची ओळ झाली. 'पाहू' च्या पुढचं टिंबही जाळलं.

पुसल्या गेलेल्या पाच ओळींची जागा मी मोकळी ठेवली. तिथं काय होतं ते मला आठवत नाही आणि खोटं लिहायचं नव्हतं.

मग त्यानंतरच्या सिलिंडरच्या पावतीवर तारीख पाहिली, कानावरची पेन्सिल घेतली आणि तिच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'अकरा मे. एकसष्ट दिवस चालला. घरी स्वयंपाक नव्हता.'

बायजाबाई आत आली. जळालेल्या अक्षरांवरून तिनं भीत भीत बोट फिरवलं, मग ओल्या फडक्याचा कोपरा. काही निघालं नाही. तिला हायसं वाटलेलं दिसलं. मग खालची ओळ दाखवून म्हणाली, "हे राहिलं ना काका. हेही जाळून टाका, नाहीतर माह्या हातानं जाईन."

"ते माझं आहे," मी म्हणालो. "गेलं तर परत लिहीन."

तिनं दार पुसलं. माझ्या ओळीपाशी आली की फडकं उचलायची.