अकरावी जागा

आमच्या भाषेत आम्हाला एकच नाव आहे, सुरयोये. चर्चमध्ये, लग्नात, भांडणात, सगळीकडे तेच. भानगड सुरू होते ती स्वीडिश बोलायला लागल्यावर. मग निम्मे लोक म्हणतात, आपण असिरियन, जुन्या साम्राज्याचे वारस. उरलेले म्हणतात, आपण सिरियाक, चर्चची लेकरं. स्वीडनमधल्या आमच्या सॉदरतेल्ये गावात यावरून दोन संघ झाले, दोन सभागृहं झाली, फुटबॉलच्या टीमसुद्धा दोन झाल्या. माणसाच्या नावावरून त्याचा बाप कुठल्या बाजूचा ते कळतं. सरगोन असेल तर असिरियन, बेहनाम असेल तर सिरियाक. बाहेरच्यांना याचं हसू येतं. मलाही यायचं, माझा नवरा जाईपर्यंत.

इस्कंदर असिरियन संघाचा सचिव होता. तो गेला तेव्हा आमच्याच चर्चनं त्याच्यासाठी दार उघडलं नाही. शेवटी नगरपालिकेच्या प्रार्थनागृहातून त्याला न्यावं लागलं. तिथे ऑर्गन वाजवायला आलेल्या स्वीडिश बाईंना त्याचं नावही नीट उच्चारता येत नव्हतं. तेव्हा चर्चच्या मंडळावर बेहनाम हन्नो होता. या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली. मी ती विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

मी फेब्रोनिया. कोर्टात आणि दवाखान्यात चाळीस वर्षं दुभाष्याचं काम केलं. दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पुढे द्यायचं, पदरचा एक शब्दही घालायचा नाही, हे माझं काम होतं आणि त्याचा मला फार ताठा होता.

माझी धाकटी बहीण शमूनी सीरियात, कामिश्लीजवळच्या तेल-नूहरो गावात राहायची. गाव चौतीस घरांचं, सगळी आपलीच माणसं. त्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या गावांत बंदूकवाले आले होते. तिथली चर्चं जळाली, माणसं नाहीशी झाली. तेल-नूहरोची पाळी कधी येणार, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

गुनेल नावाची एक खासदार आमच्या मदतीला आली. साठीची, सायकलवरून फिरणारी, कुणालाही पहिल्या भेटीत तू म्हणणारी. तिनं तीन पक्षांची माणसं जमवली. सरकारनं या चौतीस कुटुंबांना तातडीनं स्वीडनमध्ये आणावं, असा ठराव ती संसदेत मांडणार होती. मसुदा टाइप करायचं काम माझ्याकडे होतं, यादीही माझ्याच हातची होती. प्रत्येक कुटुंबाचं नाव, माणसं, वयं, पत्ता. समितीनं तो ठराव नोव्हेंबरात चर्चेला घ्यायचं कबूल केलं होतं. नाताळच्या आसपास माणसं इथे येऊ शकत होती.

"पण दोन गोष्टी ध्यानात ठेव," गुनेल मला म्हणाली. "असे ठराव वर्षातून एकदाच घेतात. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी साडेचारला मुदत संपते. आणि खाली तुमच्या दोन्ही संघांच्या सह्या हव्यात. माझ्या पक्षाचे लोक एकाच संघाचा कागद हातात धरायला तयार नाहीत. मागे एकदा हात पोळलेत त्यांचे."

"साडेचार म्हणजे पाचपर्यंत चालेल ना?" मी गमतीनं विचारलं.

"फेब्रोनिया, साडेचार म्हणजे साडेचार."

मसुद्यात आपल्या लोकांचं नाव अकरा ठिकाणी येत होतं. त्या अकरा जागांसाठी आमच्या चार सभा झाल्या. एक असिरियन सभागृहात झाली तर दुसरी सिरियाक सभागृहातच व्हायला हवी, आणि पहिल्या सभेला कॉफीबरोबर बकलावा होता तर दुसऱ्या सभेला तो जास्त हवा. तिसऱ्या सभेत ठरलं की पाच ठिकाणी असिरियन, पाच ठिकाणी सिरियाक आणि अकराव्या जागी, म्हणजे शेवटच्या मागणीच्या ओळीत, दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहायची. मग त्यात आधी कुठलं, यावर चौथी सभा झाली.

"वर्णमालेप्रमाणे घ्या," असिरियन संघाचा अध्यक्ष सरगोन दानो म्हणाला. "अ आधी येतो. त्यात माझा काय दोष?"

"वा! आता वर्णमाला पण तुमच्याच बापाची?" सिरियाक संघाचा अध्यक्ष बेहनाम हन्नो म्हणाला.

"माझ्या बापाची नाही. पण तुझा बाप ती शिकला असता तर बरं झालं असतं."

"अरे, तिकडे माणसं मरतायत," मी म्हणाले.

"म्हणूनच तर, फेब्रोनियाताई," बेहनाम माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाला. "मरणाऱ्याचं नाव तरी बरोबर लिहायला नको का?"

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्कंदरचं नाव चर्चमध्ये उच्चारू न देणारा हा माणूस मला मेलेल्यांची नावं शिकवत होता. मी वहीत डोकं खुपसलं. शेवटी शीर्षकातली पहिली जागा सिरियाकला आणि अकराव्या जागी असिरियन आधी, असा तोडगा निघाला आणि दोघांनी हात मिळवले.

त्याच आठवड्यात शमूनीचा फोन आला.

"काय गं, एक कागद लिहायला तुमच्या संसदेला किती दिवस लागतात? इथे माझ्या द्राक्षाच्या पानांच्या बरण्यासुद्धा भरून झाल्या."

"संसद नाही गं, आपलीच माणसं वेळ खातायत. नाव काय लिहायचं यावर घोडं अडलंय."

"कुणाचं नाव?"

"आपलं. असिरियन की सिरियाक."

ती खूप वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "तुम्हा लोकांची पोटं भरलेली आहेत बाई. काहीही लिहा. शेळ्या लिहिलंत तरी मी बें करत येईन."

सोमवारी दुपारी मी मसुदा टाइप करायला बसले. दहा जागा ठरल्याप्रमाणे भरल्या. अकराव्या जागी आले आणि माझा हात थांबला. मला प्रार्थनागृहातल्या त्या ऑर्गनवाल्या बाई आठवल्या. मी फक्त 'असिरियन' लिहिलं. दुसरं नाव लिहिलंच नाही. चूक नव्हती ती. चाळीस वर्षांत एवढं जाणूनबुजून मी काहीच केलं नव्हतं. एका ओळीतला एक शब्द, कोण बघणार आहे, इस्कंदरच्या नावानं एवढं तरी होऊ दे, असं मी स्वतःला समजावलं आणि कागद गुनेलला पाठवून दिला.

मंगळवारी साडेतीनला आम्ही संसदेत पोहोचलो. गुनेलनं छापील प्रत टेबलावर ठेवली. सरगोननं न वाचताच पेन काढलं. बेहनामनं मात्र चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून तो वाचायला लागला. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. चार वाजायला दहा मिनिटं असताना त्याचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

सरगोननं वाकून पाहिलं. खरं सांगायचं तर त्याचा चेहरा खुललाच. "छापून आलंय. आता काय करायचं?"

"अच्छा. म्हणजे हात मिळवायचा आणि पाठीमागून शब्द गाळायचा!"

"मी काही गाळलेलं नाही."

"मग काय कागदानं आपोआप गाळला?"

गुनेलला आमची भाषा कळत नव्हती. मी तिला स्वीडिशमध्ये सांगितलं. ती लगेच म्हणाली, "एवढंच ना? कुठला शब्द घालायचा ते सांगा, मी आत्ता घालते."

बेहनामनं कागदावर पंजा ठेवला. "थांब. चूक असेल तर माझं काही म्हणणं नाही. दगाबाजी असेल तर मी याच्या नावाशेजारी माझं नाव लिहिणार नाही. कुणी केलं ते सांगा, दोन मिनिटांत सही करतो."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. टाइप मी केलं होतं, पण मी दुभाषी, पदरचा शब्द न घालणारी. माझ्यावर कोण संशय घेणार?

मी बोलायला हवं होतं. 'मी केलं, बेहनाम, तुझ्यावरच्या रागानं केलं.' एवढं एक वाक्य. पण सरगोनच्या देखत, गुनेलच्या देखत, ज्या कामाचा मला ताठा होता त्यातच मी खोटेपणा केला, हे माझ्या तोंडून निघेना. मी मिठाची गुळणी धरून बसले. मला वाटलं, ओरडतील, दमतील आणि सही करतील. आमचे लोक नेहमी तेच करतात.

शब्दानं शब्द वाढला. सरगोन म्हणाला, चोर म्हणवून घेऊन आता मीच सही करणार नाही. बेहनाम उठला आणि आपल्या संघाच्या मंडळाला फोन करायला संसदेबाहेरच्या पुलावर गेला. खिडकीतून तो दिसत होता. वाऱ्यात कोट धरून एकामागून एक फोन लावत होता. गुनेल दोनदा त्याच्या मागे गेली. सव्वाचार झाले. चार पंचवीस झाले. मी खुर्चीत बसून राहिले.

तो परत आला. "मंडळ म्हणतंय, सही कर. यांचा न्याय आपण नंतर करू," असं म्हणत त्यानं पेन काढलं. गुनेलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला वीस कमी होते.

गुनेलनं सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "निवडणुकीनंतर कोण असेल कोण नसेल, पण पुढच्या वर्षी बघू."

त्या संध्याकाळी शमूनीनं विचारलं, "दिलात का गं कागद?"

मी म्हणाले, "दिला."

सुचलंच नाही दुसरं काही. वाटलं, चार दिवसांनी हळूच सांगेन. चार दिवसांनी तिचा आवाज इतका आनंदी होता की पुन्हा राहिलं. नोव्हेंबरात गावातली पंधरा कुटुंबं ट्रक करून शहराकडे निघाली. शमूनीचा नवरा ईसा म्हणत होता, आपणही जाऊ. तिनं त्याला अडवलं. फोनवर मला म्हणाली, "यादीत पत्ता इथलाच आहे ना? शहरात गेलो आणि तुमचा साहेब इथे शोधत आला तर? मी शेजारपाजारच्यांनाही सांगितलंय, थांबा म्हणून. माझी बहीण संसदेत असते म्हटलं."

"शमूनी, तुम्ही जा," मी म्हणाले. "शहरात जास्त सुरक्षित आहे. पत्ता मी बदलून घेईन."

"का? कागदाचं काही बिनसलं का?"

तेव्हा तरी सांगायचं. मी म्हणाले, "नाही, तसं काही नाही."

"मग झालं तर."

एकोणीस कुटुंबं थांबली.

नाताळ असाच वाट बघण्यात गेला. फेब्रुवारीत, निनवेच्या तीन दिवसांच्या उपवासात ते बंदूकवाले आले. पहाटे, लोक चर्चमध्ये असताना. जी दोन माणसं वाचली त्यांनी सांगितलं की आलेल्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दारावरचे क्रूस मोजले आणि घरं वाटून घेतली. शमूनी आणि ईसा चर्चच्या पायरीवरच गेले.

चाळिसाव्या दिवशी सॉदरतेल्येत प्रार्थना झाली. दोन्ही संघ आले आणि चर्चच्या दोन बाजूंना बसले. अबूनांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, एकाहत्तर नावं वाचली. माझी यादी त्यांच्या हातात होती. मी ज्या क्रमानं टाइप केली होती त्याच क्रमानं ते वाचत होते.

नंतर खालच्या सभागृहात स्मारकाच्या दगडाचा विषय निघाला. दगडावर सगळ्यांची नावं कोरायची हे ठरायला दोन मिनिटं लागली. वर काय लिहायचं यावर मात्र आवाज चढले.

"त्या दिवशी तू तो शब्द गाळला नसतास," बेहनाम सरगोनला म्हणाला, "तर आज हा दगडच लागला नसता."

"शंभर वेळा सांगितलं, मी नाही गाळला!"

"मी गाळला," मी म्हणाले.

दोघेही वळले.

"मी टाइप करताना मुद्दाम गाळला. इस्कंदरला तू चर्चमध्ये येऊ दिलं नाहीस म्हणून. आणि तू विचारलंस तेव्हा गप्प बसले. आणि शमूनीला खोटं सांगितलं की कागद दिला. ती माझ्या भरवशावर थांबली. तिच्या भरवशावर बाकीचे थांबले."

सरगोन खुर्चीवर बसला. बेहनामनं चष्मा काढला. मला वाटलं, तो ओरडेल. त्यानं ओरडावं, माझ्यावर हात उगारावा, असं मला फार वाटत होतं.

"सांगितलं असतंस तर मी सही केली असती, ताई," तो म्हणाला. "देवाशपथ केली असती. मला माहीत होतं ना, इस्कंदरच्या वेळी आम्ही काय केलं ते."

मग त्यानं समोरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "वर काय लिहायचं ते तूच लिही. आम्ही दोघं सही करतो."

मी अजून काही लिहिलेलं नाही. कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. शेजारी फोन आहे आणि फोनमध्ये शमूनीचा शेवटचा निरोप आहे, उपवासाच्या आदल्या दिवसाचा. मागून ईसाच्या खोकण्याचा आवाज येतो.

"फेब्रो, ऐक गं. तुमचा साहेब आला आणि त्यानं विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं? ईसा म्हणतो असिरियन सांग, शेजारीण म्हणते सिरियाक. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं कागदावर जे लिहिलं असेल तेच सांगू, उगाच घोळ नको. तू काय लिहिलंस तेवढं कळव. मी सगळ्यांकडून पाठ करून घेते."

तिला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन लावला तेव्हा तो लागला नाही.