पैनगंगेच्या दोन्ही काठांची नाव

मित्रांनो, आदिलाबाद जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या काठी बाभळीखाली पालथी पडलेली मी एक जुनी नाव आहे. अलीकडच्या नागनाथ सुताराने मला सागवानातून घडवले. खिळे आणि डांबर पलीकडच्या गावाने दिले. म्हणून मी दोन्ही गावांची. तेव्हा अलीकडे आंध्र, पलीकडे महाराष्ट्र. पण बाजार, सोयरीक, मयत, सारे माझ्यातूनच ये-जा करी. पलीकडचा बाबाराव मला बांबूने रेटत नेई.

एका वर्षी मोठा पूर आला आणि नदीने वाट बदलली. अलीकडच्या गावाची गाळाची जमीन पलीकडच्या काठाला जाऊन चिकटली. तिकडचे म्हणत, नदी हीच हद्द. इकडचे नकाशा दाखवत. दोन्हीकडच्या कचेऱ्यांनी एकमेकींना कागद पाठवले. तोवर गावांत कुऱ्हाडींना धार लागली.

त्या जमिनीत हरभरा पेरायला अलीकडचे सुधाकरराव आठ जणांना घेऊन माझ्यात बसले.

"भाऊ, आज नोका जाऊ. तिकडं लोक तयारीनं बसले हायेत," बाबाराव म्हणाला. पण त्यांनी ऐकले नाही.

तिफण टेकते न टेकते तोच दोन्हीकडून गोफणी सुटल्या. डोकी फुटली. सुधाकररावांच्या खांद्यावर कुऱ्हाड बसली. बाकीच्यांनी नदीत उड्या घेतल्या. बाबारावाने सुधाकररावांना फरफटत आणून माझ्यात घातले.

"बाबाराव, टाक त्याले पाण्यात!" त्याच्याच गावचे लोक ओरडले.

त्याने बांबू रेटला. दगड माझ्या फळ्यांवर आपटले, एक त्याच्या कपाळावर. माझ्या तळाशी रक्त साचले.

अलीकडे जमाव उभा होता. रक्ताने भिजलेले सुधाकरराव आणि पलीकडचा माणूस, एवढेच त्यांनी पाहिले. बाबारावाच्या हातातला बांबू हिसकावून त्यांनी त्याच बांबूने त्याला झोडपले. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. एकाने माझ्यावरही कुऱ्हाड उगारली. इतक्यात सुधाकररावांची बायको, जयवंताबाई, धावत आली आणि बाबारावावर आडवी पडली.

"यानंच माह्या माणसाले आणलं! तुमी पोहून आले ना? मंग तुमी काऊन नाई आणलं?"

उगारणाऱ्याने कुऱ्हाड खाली ठेवली. कोणी बैल जुंपायला धावले.

दोघांना एकाच बैलगाडीतून दवाखान्यात नेले. सुधाकरराव वाचले, पण तो हात पुन्हा उचलला गेला नाही. बाबारावाचे मनगट वाकडेच राहिले. पलीकडचा तरुण नागोराव मात्र गोफणीच्या दगडाने तिसऱ्या दिवशी मेला. त्याच्या मयतीला अलीकडच्या गावातून एकटी जयवंताबाई माझ्यात बसून गेली. नागोरावाच्या आईने तिच्या छातीवर बुक्क्या मारल्या, आणि मग तिच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला.

तेराव्यानंतर दोन्ही गावांची म्हातारी माणसे वाळूत बसली. कागदांचा निकाल लागेपर्यंत जमीन मिळून पेरायची, पीक अर्धे-अर्धे, असे ठरले. कागद वर्षानुवर्षे फिरत राहिले. हरभरा दरवर्षी आला.

मित्रांनो, आता नदीवर पूल आहे. माझ्या फळ्यांना वाळवी लागली आहे. जमले तर मला थोडे डांबर लावा. नाही लावले तरी चालेल. पण पलीकडच्या काठावरून कोणी मदतीला हाक मारली, तर तो कोणत्या राज्याचा हे त्याला आधी अलीकडे आणून मग विचारा.