नवी काच

“बाही वर कर.”

“बाबा, काही नाही हो. कपाटाचं दार लागलं.”

फ्रेमवाल्याने हातातली काच अलगद टेबलावर ठेवली. कपाटाचं दार! त्याची बायकोही हेच सांगायची, आणि खरंच दारच असायचं. पण ते ठाऊक एकट्या त्यालाच. गल्लीने डाग पाहून काय ते ठरवून टाकलं होतं. मेहुणीने तर त्याच्याशी बोलणंच सोडलं. ती तशीच होती. लहानपणी आईच्या अंगावर असेच डाग पाहून तिने सख्ख्या बापाशी अबोला धरला, तो बाप मरेपर्यंत. अकरा वर्षांपूर्वी बहीण गेली तेव्हा आली, उभ्या उभ्या रडली आणि याच्या घरचं पाणीही न पिता निघून गेली.

आता मुलीच्या दंडावर तेच निळे-जांभळे डाग. ज्या संशयाने त्याला जन्मभर पोळलं, तोच उचलून त्याने जावयावर टाकला.

“त्याने हात उचलला ना?”

“बाबा! त्याला झुरळ मारवत नाही.”

“मलाही मारवत नव्हतं. कोणी ऐकलं?”

मेहुणीच्या कानावर गेलं तशी ती भाचीसाठी तरातरा आली. “आधी दवाखाना, मग पोलीस!” जावयाकडे न बघता ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढून मुलीला एकटीला बराच वेळ विचारलं. बाकाच्या एका टोकाला फ्रेमवाला, दुसऱ्या टोकाला मेहुणी, आणि मधली जागा रिकामी असूनही जावई उभाच. एकदाचं आत बोलावलं.

डॉक्टरीणबाईंनी मुलीचा अंगठा दाबला, तो सरळ मनगटाला टेकला. कोपराची कातडी चिमटीत धरून ओढली, ती रबरासारखी लांबली. गुडघ्यावरचे जुने वण कागदासारखे पातळ. खांदाही दोनदा निखळलेला.

“हिला कोणी मारत नाही,” त्या म्हणाल्या. “शरीर बांधून ठेवणारा धागाच जन्मापासून सैल आहे. जरा कुठे आपटलं की डाग उठतो. हृदय तपासलं, ते ठीक आहे. सांधे मात्र जपायचे. बहुतेक घराण्यातून आलंय. आईला होतं असं?”

फ्रेमवाला तोंड उघडणार, तोच मेहुणी म्हणाली, “होतं. अंगठा मनगटाला लावून शाळेत पैजा जिंकायची ती.” मग आवाज खाली गेला. “आमच्या आईचाही लागायचा. म्हणजे बाबांनी...”



जावयाने इतका मोठा सुस्कारा सोडला की डॉक्टरीणबाईंना हसू आलं. “मावशी, पोलिसांना काय कळवू?” त्याने विचारलं.

“गप रे! घरी जाऊन कपाटाच्या कडांना कापड गुंडाळ आधी,” मावशी डोळे पुसत म्हणाली. मुलगी खो खो हसत सुटली. फ्रेमवाल्यालाही कितीतरी वर्षांनी छातीभर श्वास आल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी मेहुणी दुकानाच्या पायरीवर उभी. आत आली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी स्वतःच घेऊन प्यायली. मग पिशवीतून एक फोटो काढला. मिशीवाला, भिडस्त चेहऱ्याचा माणूस. वरची काच तडकलेली, चौकटीत धूळ.

“भाऊजी, बाबांच्या फोटोला नवी काच बसेल?”

“बसेल की. बसा.”

त्याने नवी काच टेबलावर आडवी ठेवली आणि कापण्यासाठी तिच्यावर रेघ मारायला घेतली. मेहुणी पुढे झाली आणि काचेची दुसरी कड धरून उभी राहिली.