शनिवारचं सह्यांचं टेबल

मी घडीचं टेबल बोलतोय. हो, तेच, दर शनिवारी पोस्टाच्या दारात पाय पसरून उभं असतं ते. मला बघून तुम्ही हळूच रस्ता ओलांडता, ते काय मला कळत नाही?

खरं तर माझा जन्म पत्ते खेळण्यासाठी झाला. पण ज्या भूगोलाच्या बाईंनी मला विकत घेतलं, त्यांना पत्त्यांना सवड कुठली! निवृत्त झाल्या आणि जगातले सगळे अणुबॉम्ब मोडीत काढायचं किरकोळ काम अंगावर घेऊन बसल्या. देशोदेशी माझे भाऊबंद असेच उभे असतात म्हणे. अर्जावर सह्या घ्यायच्या आणि सरकारला पाठवायच्या, की बाबांनो, अण्वस्त्रबंदीच्या करारावर आता तुम्हीही सही करा.

माणसं भारी मजेशीर. ‘विचार करून येतो’ म्हणतात आणि पसार होतात. एका आजोबांनी आधी समोरचा खड्डा बुजवा म्हणून दम भरला. आणि पेन! जग वाचवायला सही करतात आणि जाताना पेन खिशात घालतात. शेवटी बाईंनी ते दोरीनं माझ्या पायाला बांधलं.

पण बाईंचा जीव अडकला होता एकाच सहीत, धाकट्या भावाच्या. तो तीस वर्षं अणुबॉम्बच्याच कारखान्यात झाकणांचे स्क्रू आवळत होता. ‘तुझ्या हातांना लाज कशी वाटत नाही?’ असं बाई एकदा जेवताना बोलून गेल्या. तो ताटावरून उठला आणि सात वर्षं अबोला. पोस्टात यायचा, पण समोरच्या फुटपाथवरून वळसा घालून. तो दिसला की बाई उगाचच चष्मा पुसत बसायच्या.

मध्यंतरी एका शनिवारी वाऱ्यानं माझा एक पाय लुळा पडला. बाईंनी खाली कागदाची घडी सारली. झालं! भाऊ समोरून बघत होता. कारागीर माणूस, असली डागडुजी त्याला कशी बघवणार? तरातरा आला, भर रस्त्यात मला उलटं केलं (काय मेली लाज वाटली मला!), खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पाय पक्का केला आणि माझ्या पोटावर पेन्सिलीनं सही ठोकली.

“अरे, सही वर कागदावर करायची!” बाई ओरडल्या. सात वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर हे!

“कारखान्याचा नियम आहे, ताई. ज्यानं स्क्रू आवळला त्यानं तिथं सही करायची.”

“म्हणजे त्या सगळ्या झाकणांवर...”

“माझीच सही आहे. डोळ्याला डोळा लागत नाही गं कधी कधी.”

बाईंना एकदम भरून आलं. “मी तेव्हा नको ते बोलले रे. चुकलंच माझं.”

त्यानं मला सरळ उभं केलं, दोरीचं पेन ओढलं आणि अर्जावर सही केली. ‘व्यवसाय’ या रकान्यात लिहिलं, ‘स्क्रू आवळणे.’ जरा थांबला आणि पुढे लिहिलं, ‘काढताही येतात. बोलवा, लगेच येतो.’

आता दर शनिवारी तोही माझ्यापाशी बसतो आणि पत्ता अर्धवट लिहिणाऱ्यांना झापतो. तेव्हा मंडळी, या शनिवारी रस्ता ओलांडू नका. सत्तरीला टेकलाय तो. हात अजून थरथरत नाहीत, तोवर त्याला ते बोलावणं येऊ द्या.