लहान मापाची बांगडी

“पोरीच्या हातातबी त्यालेच बांगड्या भरू दे, बाई. नाही भरल्या तं जाऊ नको.”

गोंदियाच्या बाजारात दुर्गेश्वरीचा पंजा दाबून बांगडी चढवताना मंजू म्हणाली होती. मंजूच्या लोकांत रीतच तशी. दुसरा नवरा बाईला बांगड्या भरतो आणि पदरी मूल असेल तर त्यालाही. मंजूचा दुसरा नवरा कवडू, त्यानेही तिच्या पोरीला भरल्या होत्या.

“आमच्यात नसते असं काही,” दुर्गेश्वरी हसून म्हणाली होती. ती बारा एकर धानवाल्यांची, बी.एस्सी. झालेली पोरगी. पहिल्या नवऱ्यापासून, खुमेंद्रपासून, सुटल्यावर चंद्रकुमारशी तिचा पाट लागला, तोही मागच्या खोलीत, दार लोटून. चंद्रकुमारची राइस मिल. त्याने तिला बांगड्या भरल्या. तिची पहिल्या लग्नाची चार वर्षांची पोरगी रुक्माही हात पुढे करून उभी राहिली.

“हिले कायले?” म्हणत तो हात धुवायला गेला.

त्याला दोन वर्षं झाली. आज भर दुपारी दुर्गेश्वरीने त्याच दुकानात हात पुढे केले. दोन्ही मनगटं उघडी. डावं कोपरापर्यंत काळंनिळं, काच रुतल्याच्या जागा अजून ओल्या.

“महिन्यात तिसऱ्यांदा,” मंजू म्हणाली. “नवरा बांगड्या खाते का तुहा?”

“घसरून पडली.”

“हौ. पहिल्याच्या घरी मीबी अशीच घसरत होती. तो पिऊन मारे.”

“हा पीत नाही.” दुर्गेश्वरी आपल्या मनगटाकडे पाहत राहिली. “आधी घड्याळ काढून ठेवते. मग मारते.”

मंजूचा हात थांबला.

“निघून काऊन जात नाही? मी तं पंचांपुढं बांगड्या फोडल्या, अन् पोरीले काखेत मारून निघाली.”

“बाबूजी म्हणतात, दुसऱ्यांदा वापस आलीस तर लहान बहिणीचं लगन कसं होईल.”

मंजूने नेहमीच्या मापाचा डबा काढला. दुर्गेश्वरीने नको म्हणून मान हलवली आणि रुमालाची गाठ सोडली. आत एका बांगडीचे तीन तुकडे होते. बांगडी लाल, अगदी लहान मापाची. एका तुकड्यावर रक्त वाळलेलं.

मंजूने डबा झाकला.

“पोरगी कुठं हाय?”

“घरी. ताप आहे, आत्ताच निजली. म्हणून उठवली नाही.”

“अन् तो?”

“तीनला येते जेवायला.”

दुकानातल्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

“घेऊन ये तिले. सीधी माह्या घरी. कवडू काही म्हणत नाही.”

दुर्गेश्वरी उघड्या मनगटांनीच पायऱ्या उतरली. मंजूने ऑटो थांबवून तिला बसवलं.

तीन वाजले. मग चार. मंजूने तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. दुर्गेश्वरीला केलेला फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा बंद होता. पाचला तिने शटर ओढलं, बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि मिलच्या रस्त्याला लागली. फाटकावरच्या माणसाने तिच्या डोक्यावरची टोपली पाहून तिला तिथूनच परत लावून दिलं. “या घरी बांगडीवालीचं काय काम?” तो म्हणाला.

हे वाचणाऱ्या तुम्हाला तो अडवणार नाही, तुमच्या डोक्यावर टोपली नाही. मिलच्या मागे पिवळ्या भिंतीचं घर आहे. साखर मागायला जा, पत्ता विचारायला जा, पण दार वाजवा. दुर्गेश्वरी दारात आली, हसली, सगळं बरं आहे म्हणाली, तरी परतू नका. रुक्माला बाहेर बोलवा आणि तिचे दोन्ही हात पाहा.