आर्दाकाठचे पांढरे गिधाड आणि मी

आर्दा नदीच्या खोऱ्यात सकाळ घाईने येत नाही. आधी समोरच्या कड्याचा माथा राखाडी होतो, मग दुधाळ. तो दुधाळपणा खडकाच्या भेगांतून खाली झिरपत राहतो आणि नदीवरच्या धुक्यापर्यंत पोहोचतो, तेव्हाही त्याच्यात ऊब अशी नसतेच. रोजचाच उजेड, त्याची कोण दखल घेणार? मी घेतो, मित्रांनो, कारण उजेडावाचून मला आयुष्यच नाही.

मी एक जुना टेलिकन्व्हर्टर आहे. लांबलचक लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधे बसणारे, मुठीएवढे काचांचे नळकांडे. मी मधे आलो की दूरचा पक्षी दुप्पट मोठा दिसतो. पण त्या बदल्यात आलेल्या उजेडातला चौथा हिस्साच मी पुढे जाऊ देतो. मला घडवणाऱ्यांनी हा सौदा माझ्या कपाळी का लिहिला, हे मला कधी नीट उमगले नाही.

मेतोदी आजोबांनी मला घेतले, तेव्हा ते गिधाडांच्या राखीव जागेवर काम करत. विष खाऊन पडलेले एक पांढरे गिधाड त्यांनी घरी आणून जगवले, पायात पिवळे वळे चढवले आणि सोडून दिले. हिवाळ्यात ते आफ्रिकेत जाई आणि वसंतात याच कड्यावर परते. भर उन्हात मी त्या वळ्यावरची अक्षरेसुद्धा दाखवीत असे. आजोबा मला मऊ कापडाने पुसत आणि म्हणत, "तू माझा चष्मा आहेस रे."

आजी वारल्यावर त्यांची मुलगी रोसित्सा त्यांना प्लोव्दिव शहरातल्या आपल्या घरी न्यायला आली. आजोबांनी शब्द दिला, "ज्या वसंतात माझं गिधाड परतणार नाही, त्या वसंतात येईन."

यंदा कड्यावर एक गिधाड आले खरे, पण ते सावलीतल्या कपारीत बसे आणि ऊन चढण्याआधीच उडून जाई. त्या अंधुक उजेडात, वाऱ्याने हलणाऱ्या लेन्समागून मी जे चित्र दिले, त्यात पक्षी भलामोठा होता आणि त्याच्या पायाशी पिवळसर काहीतरी फिसकटले होते.

"वळं," आजोबा म्हणाले.

यंदा पुन्हा न्यायला आलेल्या रोसित्साने दुसऱ्या पहाटे मला काढून बाजूला ठेवले, नुसत्या लेन्सने चित्र घेतले आणि संगणकावर त्याचा मधला तुकडा कापून मोठा केला.

"शहरातली माणसं तुम्ही. केक कापता तशी चित्रंही कापता," आजोबा म्हणाले.

"आणि तुम्ही चित्रं वाढवता. दह्यात पाणी घातलं की ताक वाढतं, बाबा. दही नाही वाढत."

"अगं, दाणे दाणे दिसताहेत तुझ्या चित्रात. रवा सांडल्यासारखे."

"दिसू देत. पाय तर दिसतोय. ते पिवळं आहे ना, ते मागच्या खडकावरचं दगडफूल आहे. आणि मानेवरची पिसं बघा, अजून तपकिरी आहेत. कोवळं पाखरू आहे हे."

आजोबांनी बनित्साची, चीज भरलेल्या भाजक्या थरांची, बशी तिच्यापुढे सरकवली. "खा. गार होतेय."

मी टेबलावर पडून गोंधळत राहिलो. माझे चित्र मोठे, तिचे लहान. मग अधिक कोणाच्या चित्रात होते? पुढच्या पहाटे आजोबांनी मलाच पुन्हा चढवले, तेव्हा मी मनातून फुललो. पण पूर्वी जरासे पुसट चित्र दिसले तरी करवादणारे आजोबा, आता पुसटातले पुसट चित्र निवडून त्याकडे टक लावून बसत. ते माझ्याकडे काय मागत होते? मोठेपण, की धूसरपण? मी विचारू शकत नव्हतो, आणि विचारायची इच्छाही नव्हती.

परतीच्या दिवशी रोसित्साने फक्त आपली बॅग भरली. आजोबांनीच मला लेन्सपासून सोडवले आणि झाकणे लावली.

"तुझ्या गॅलरीतून काय दिसतं गं?" त्यांनी विचारले.

"समोरच्या बाईंची धुणी."

"मग एवढं मोठं करून बघायला नको."

ती हसली, आणि मग तिने तोंड फिरवले.

मित्रांनो, आमच्या काचा धुळीपासून जपा, बुरशी लागू देऊ नका, आणि उजेड भरपूर असेल तेव्हाच आम्हाला हाक मारा. आम्ही असलेलेच पसरवतो. नसलेले आणू शकत नाही. हे मला पहिल्या पहाटेच कळायला हवे होते, कारण तो सारा उजेड माझ्यातूनच गेला होता.

आमचे गिधाड परतले नव्हते.